डॉकर, पॉडमॅन आणि आपला सर्व्हर: नक्की काय सुधारायला हवं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी छोट्या गिऱ्हाइकांचे सर्व्हर सांभाळतो, म्हणजे पतसंस्था, क्लासवाले, स्पेअर पार्टचा एक डीलर, असले. सगळीकडे डेबियन नाहीतर उबुंटू, म्हणजे लिनक्सच, आणि त्यावर डॉकर नाहीतर पॉडमॅन, म्हणजे कंटेनर चालवणारी सॉफ्टवेअर. या लाइनमधल्या ओळखीच्या पोरांचे फोन येतात ते प्रश्न म्हणून सुरू होतात आणि दोन मिनिटांत तक्रारीवर येतात, "दादा, हे असं का बनवून ठेवलंय राव?" तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. जिथे सॉफ्टवेअरने बदलायला पाहिजे असं लोकांचं (आणि माझं) मत आहे तिथे तसं लिहिलंय, आणि जिथे आपणच माती खातो तिथे तेही.

कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीनच ना?

नाही. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, टॉप कमांड लावून बघा, कंटेनरमधला पोस्टग्रेस (डेटाबेस) तिथे सरळ दिसतो, बाकीच्या प्रोसेससारखाच. व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वेगळा असतो, इथे कर्नल एकच, फक्त त्या प्रोसेसला आजूबाजूचं काय दिसावं आणि तिने किती मेमरी, किती सीपीयू खावा याला कुंपण घातलेलं असतं. दिसण्याचं काम नेमस्पेस करतात, खाण्यावर लगाम सीग्रुप लावतात. सीग्रुप लिनक्समध्ये २००८ ला आले, युजर नेमस्पेस २०१३ ला कर्नल ३.८ मध्ये पूर्ण झाले, आणि डॉकर लोकांना पहिल्यांदा दिसला तोही २०१३ च्याच मार्चमध्ये. फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे यावर नेहमी टोमणा मारतात की आमच्याकडे जेल (असलंच कुंपण) २००० पासून आहेत, आणि ते खरंच आहे.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. कर्नलमध्ये "कंटेनर" नावाची एक अशी वस्तूच नाही, चार-पाच सुटे भाग जुळवून ती तयार होते. डॉकरमध्ये तुमची कमांड जाते डॉकर डिमनकडे (मागे सतत चालणारा प्रोग्राम), तो सांगतो कंटेनरडीला, तो उठवतो रनसीला, आणि रनसी कर्नलशी बोलतो. मधे कुठेही अडलं तरी एरर वर येता येता इतका चुरगळतो की मूळ कारण कळत नाही. लोकांच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

मग लोकांना नवीन फीचर हवीत का?

मला तरी अजून असा माणूस भेटलेला नाही. उलट सगळे म्हणतात फीचर पुरे झाली, आहे ते डिफॉल्टमध्ये नीट ठेवा. पुढचे प्रश्न वाचलेत तर लक्षात येईल की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी उपाय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच आहे, पण तो चालू करून ठेवलेला नाही, आणि तो आहे हे तुम्हाला कळतं ते एकदा तोंडघशी पडल्यावर.

डिस्क अचानक १०० टक्के भरली, पण डॉकर सिस्टिम डीएफ मध्ये तर काहीच मोठं दिसत नाही. जागा गेली कुठे?

लॉगमध्ये गेली. शंभरातल्या नव्वद वेळा लॉगच असतात.

डॉकरचा डिफॉल्ट लॉग ड्रायव्हर जेसन-फाइल नावाचा आहे आणि त्याला साइजची मर्यादा डिफॉल्टमध्ये नाहीच. कंटेनर जे काही बोलेल ते एका फाइलीत जात राहतं, महिनोन् महिने. आणि वैताग असा की जागेचा हिशोब सांगणारी जी डॉकरची स्वतःची कमांड आहे ती इमेज (ज्या साच्यातून कंटेनर उठतो), कंटेनर, व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा टिकतो ती जागा), बिल्ड कॅश सगळं दाखवते पण या लॉगच्या फाइली धरत नाही. म्हणजे ज्याला विचारायला जावं तोच हात वर करतो. त्यामुळे सरळ डीयू लावून व्हार-लिब-डॉकरच्या आतलं कंटेनर्स फोल्डर मोजा.

माझा किस्सा सांगतो, चूक माझीच होती. एका गिऱ्हाइकाकडे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर मी टेस्टिंगसाठी डीबग मोडमध्ये टाकलं आणि तसंच विसरलो. महिनाअखेरीला सकाळी फोन, व्हाउचर सेव्ह होत नाही. बघतो तर एकटी लॉग फाइल ६१ जीबी. घाईत ती आरएम करून टाकली, आणि डिस्क तरी भरलेलीच! कारण डिमनने ती फाइल उघडी धरलेली होती, नाव गेलं पण जागा सुटली नाही, डॉकर रिस्टार्ट केल्यावर सुटली. तेव्हापासून अशी फाइल डिलीट करत नाही, ट्रंकेट करून शून्यावर आणतो, आणि तेही फक्त आग विझवायला.

कायमचा इलाज म्हणजे डिमनच्या जेसन कॉन्फिग फाइलमध्ये ड्रायव्हर बदलून लोकल करायचा. त्यात २० एमबीच्या ५ फाइली एवढंच ठेवलं जातं, जुनं आपोआप जातं. डॉकरच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लोकल वापरा असा सल्ला आहे. आता तुमचाच सल्ला आहे तर तोच डिफॉल्ट का नाही, असं विचारलं की जुन्या वापरकर्त्यांचं काही मोडू नये म्हणून हे उत्तर येतं. पटतं, पण अर्धंच. नवीन इन्स्टॉलेशनला तरी लावा ना. आणि हो, सेटिंग बदललं तरी जुन्या कंटेनरना ते लागत नाही, नव्याने तयार केलेल्यांनाच लागतं, त्यामुळे बदल करून निवांत झोपलेले लोक मी पाहिलेत आणि दोन महिन्यांनी परत फोन करणारेही तेच.

यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) मध्ये पोर्ट बंद केलाय, स्टेटसला डिनाय दिसतंय, तरी बाहेरून डेटाबेस उघडतोय. असं कसं?

हा प्रश्न ज्याला पडला तो नशीबवान, कारण बहुतेकांना तो पडतच नाही, ते बंद आहे असं समजून राहतात.

होतं असं की कंटेनरचा पोर्ट पब्लिश केलात, म्हणजे बाहेरच्यांसाठी उघडलात, की डॉकर स्वतः आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचे पॅकेट गाळायचे नियम) नियम टाकतो आणि आलेल्या पॅकेटचा पत्ता आधीच बदलून त्याला कंटेनरकडे वळवतो. वळवलेलं पॅकेट इनपुट चेनमधून (नियमांच्या यादीतून) जात नाही, फॉरवर्डमधून जातं. आणि तुम्ही यूएफडब्ल्यूमध्ये जो डिनाय टाकलाय तो बसलाय इनपुटवर. म्हणजे वॉचमन पुढच्या गेटला आणि माल मागच्या दाराने आत. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही, त्याला बिचाऱ्याला हे माहीतच नसतं.

त्यात आणखी एक, पोर्ट लिहिताना नुसतं ५४३२ला ५४३२ असं लिहिलंत तर तो सगळ्या इंटरफेसवर उघडतो. पुढे १२७.०.०.१ लावलंत तर फक्त त्याच मशीनपुरता. इंटरनेटवरून कॉपी केलेल्या कंपोझ फाइलींमध्ये (अनेक कंटेनर एकत्र उठवायची यादी) हा पुढचा पत्ता शोधून सापडत नाही. आणि बरेचदा तर पोर्ट पब्लिश करायची गरजच नसते, ॲप आणि डेटाबेस एकाच कंपोझ नेटवर्कवर असतील तर ते नावाने एकमेकांना सापडतात.

तपासायची माझी पद्धत गावठी आहे पण चुकत नाही: फोनचं वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटावर जायचं, आणि तिथून सर्व्हरच्या पब्लिक आयपीवर तो पोर्ट लागतो का बघायचं. ऑफिसमधूनच तपासलंत तर मधल्या राउटरमुळे खोटा दिलासा मिळू शकतो.

नियमच टाकायचे असतील तर डॉकर-युजर नावाची चेन त्यासाठीच ठेवलेली आहे, तिथले नियम डॉकर पुसत नाही. डिमनला डिफॉल्ट आयपी १२७.०.०.१ देता येतो, पण ते सेटिंग मूळ ब्रिज नेटवर्कपुरतं, कंपोझ जी नेटवर्क तयार करतो त्यांना वेगळा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे भोक बुजवायला दोन ठिकाणी जायचं. लोकांची मागणी साधी आहे, पोर्ट डिफॉल्टमध्ये लोकलहोस्टवर उघडा, ज्याला जगाला दाखवायचाय तो स्वतः लिहील. निदान यूएफडब्ल्यू चालू दिसला तर पिवळ्या अक्षरात एक ओळ तरी छापा! २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या डॉकर इंजिन २८ मध्ये पब्लिश न केलेल्या पोर्टवर त्याच लोकल नेटवर्कमधून थेट घुसता येणं बंद केलं, ते चांगलंच झालं. पण पब्लिश केलेल्याचा प्रश्न आहे तिथेच आहे.

डॉकर ग्रुपमध्ये युजर टाकला की सुडो लागत नाही, मस्त आहे ना?

मस्त आहे, कारण तुम्ही त्या युजरला रूट, म्हणजे सर्व्हरचा मालक, करून टाकलंय. डॉकर डिमन रूट म्हणून चालतो, त्याला "होस्टचं अख्खं रूट फोल्डर आत माउंट कर" असं ग्रुपमधला कोणीही सांगू शकतो आणि तो ऐकतो. पासवर्ड नाही, विचारणा नाही, सुडोच्या लॉगमध्ये नोंदही नाही. ट्रेनी पोराला सुडो द्यायला आपण दहा वेळा विचार करतो आणि डॉकर ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी टाकतो.

यावर उपाय रूटलेस, म्हणजे रूटशिवाय कंटेनर चालवणं. पॉडमॅन साध्या युजरखाली चालेल या हिशेबानेच बनलाय, त्याला डिमनच नाही. डॉकरनेही रूटलेस मोड आणला, २०२० च्या डिसेंबरमध्ये २०.१० व्हर्जनला त्याचा प्रयोगाचा शिक्का गेला. पण तो वेगळा बसवावा लागतो, त्यामुळे सर्व्हरवर तो चालवणारा माणूस मला फार क्वचित भेटतो.

रूटलेस पॉडमॅन लावला, सगळं चाललं, एसएसएच मधून बाहेर पडलो आणि साइट बंद. परत लॉगिन केलं तर मेलेले कंटेनर. काय चुकलं?

लिंगर चालू केलं नाहीत. सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस उठवणारा-बंद करणारा) युजर लॉगआउट झाला की त्याचं सगळं आवरून टाकतो, त्यात तुमचे कंटेनरही आले. लॉगिनसीटीएलने त्या युजरसाठी लिंगर एनेबल करा, एकच कमांड आहे. आता ही एक ओळ पॉडमॅनने पहिला कंटेनर बॅकग्राउंडला सोडताना छापली असती तर किती लोकांची रात्र वाचली असती. सुधारणा म्हणजे एवढीच हो, लोक काही चंद्र मागत नाहीत.

रूटलेसमध्ये आणखी दोन ठिकाणी घोडं अडतं. एक, १०२४ च्या खालचे पोर्ट, म्हणजे ८० आणि ४४३ साध्या युजरला मिळत नाहीत, त्यासाठी सिसकंट्रोलमध्ये आकडा खाली आणावा लागतो नाहीतर पुढे एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) लावावा लागतो. दुसरं म्हणजे फाइलींचे मालक. व्हॉल्यूमच्या फोल्डरमध्ये एलएस मारलं की मालकाच्या जागी १००९९८ असला आकडा दिसतो आणि माणूस घाबरतो की हॅक झालं की काय. ते असं आहे, कंटेनरच्या आतला रूट म्हणजे बाहेर तुम्ही स्वतः, आणि आतला १ नंबरचा युजर म्हणजे बाहेर १ लाखापासून पुढे (तुमच्या सबयूआयडीची, म्हणजे तुम्हाला वाटून दिलेल्या नंबरांची, सुरुवात तिथून असेल तर). पोस्टग्रेस आत ९९९ नंबरने चालतो, तो बाहेर १००९९८ दिसतो. गणित कळलं की भीती जाते. बाहेरून चाऊन (मालक बदलायची कमांड) मारू नका, पॉडमॅन अनशेअर मधून मारा.

डॉकर घेऊ की पॉडमॅन?

इमेज दोन्हीकडे त्याच चालतात, २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह सुरू झालं त्याची ही कृपा, त्यामुळे हा लग्नासारखा निर्णय नाहीये. खरा फरक येतो कंटेनर चालू ठेवायचे कसे यात. डॉकरवाल्यांकडे कंपोझ आहे, एक फाइल, एक कमांड, कुठल्याही मशीनवर तेच. पॉडमॅनचं म्हणणं असं की सर्व्हिस उठवायला, मेली तर परत लावायला सिस्टिमडी बसलाय ना आधीच, मग दुसरा कशाला, आणि त्यासाठी त्यांनी क्वाडलेट आणलं. कंटेनरची छोटी फाइल लिहायची, सिस्टिमडीच्या युनिटसारखीच दिसते, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, बास. मला स्वतःला हे फार आवडतं, जर्नलमध्ये लॉग, सिस्टिमसीटीएलने स्टेटस, वेगळं काही शिकायला नको.

पण. क्वाडलेट आलं पॉडमॅन ४.४ मध्ये, २०२३ च्या फेब्रुवारीत. डेबियन १२ आलं त्याच वर्षी जूनमध्ये, आणि त्यात पॉडमॅन आहे ४.३! एका आकड्याने हुकलं आणि डेबियनवाले दोन वर्षं तसेच बसले. उबुंटू २२.०४ मध्ये तर ३.४ आहे. त्यामुळे नेटवर कोणीतरी सुंदर लिहिलेलं क्वाडलेटचं उदाहरण तुम्ही टाकता आणि काहीच होत नाही, एररसुद्धा नाही, कारण ते वाचणारा जनरेटरच तिथे नाही. उबुंटू २४.०४ मध्ये ४.९ आहे आणि डेबियन १३ मध्ये ५.४, तिथे बिनधास्त वापरा. याबाबतीत डॉकरचं बरंय, त्यांची स्वतःची रेपॉझिटरी आहे, जुन्या डेबियनवरही नवीन व्हर्जन मिळतं. पॉडमॅनने डेबियन-उबुंटूसाठी तशी अधिकृत रेपॉझिटरी नीट चालवावी ही मागणी मी सगळ्यात वर ठेवीन.

आणि माझी कंपोझ फाइल पॉडमॅनवर चालेल का?

साधी असेल तर चालते. पॉडमॅन-कंपोझ नावाचा वेगळा प्रोजेक्ट आहे, किंवा पॉडमॅनचं सॉकेट चालू करून डॉकरचाच कंपोझ त्याला जोडता येतो. हेल्थचेक, प्रोफाइल, असलं काही गुंतागुंतीचं असलं की किरकिर सुरू होते.

डेबियनवर पॉडमॅनला नुसतं एन्जिनएक्स ओढ म्हटलं तर शॉर्ट नेमचा एरर देतो, डॉकर तर मुकाट्याने ओढतो.

डॉकर गृहीत धरतो की तुम्हाला डॉकर हबवरचाच (डॉकरचं इमेजचं ऑनलाइन भांडार) हवाय. पॉडमॅन गृहीत धरत नाही, पूर्ण पत्ता मागतो. चिडचिड होते पण इथे मी पॉडमॅनच्या बाजूने, इमेज कुठून आली हे फाइलीत लिहिलेलं दिसलंच पाहिजे.

कंटेनर एक्झिट १३७ ने मेला. १३७ म्हणजे काय?

१२८ अधिक ९. नऊ म्हणजे सिगकिल, कोणीतरी प्रोसेसला ठार केलं. कोणी ठार केलं ते हा आकडा सांगत नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलं असेल, किंवा तुम्ही स्टॉप म्हटलंत, १० सेकंदांत ॲप थांबलं नाही आणि डॉकरनेच मारलं असेल. इन्स्पेक्ट करून त्यात ओओएम-किल्ड खरं की खोटं बघा. आता ही माहिती डॉकरकडे आहेच, मग पीएसच्या यादीत १३७ च्या शेजारी "मेमरी संपली" असे दोन शब्द लिहायला काय जातं? नवीन पोरं गूगल करत बसतात, निम्मी चुकीच्या दिशेने जातात, रॅम वाढवून आणतात आणि दुखणं वेगळंच असतं.

ते वेगळं दुखणं म्हणजे बरेचदा हे: इमेजमध्ये कमांड शेलच्या मार्फत सुरू केलेली असते, मग १ नंबरची प्रोसेस शेल होते, थांब असा सिग्नल शेलला मिळतो आणि ती आतल्या ॲपला सांगतच नाही. म्हणून प्रत्येक रिस्टार्टला बरोबर १० सेकंद लागतात. तुमच्याकडे असं मोजून १० सेकंद होत असेल तर समजा हेच आहे.

कंपोझमध्ये डिपेंड्स-ऑन (कोणाच्या नंतर उठायचं) लिहिलंय तरी ॲप डेटाबेसच्या आधी उठतं आणि आपटतं.

आधी उठत नाही, नंतरच उठतं, पण डेटाबेसचा कंटेनर सुरू होणं आणि डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार होणं यात फरक आहे. डेटाबेसला हेल्थचेक (तयार आहे का याची तपासणी) लिहा आणि डिपेंड्स-ऑनमध्ये हेल्दी झाल्यावरच अशी अट टाका. नावातच गोंधळ आहे, दुसरं काही नाही.

डॉकरचं पॅकेज अपडेट केलं आणि सगळे कंटेनर रिस्टार्ट झाले, भर दुपारी.

लाइव्ह-रिस्टोअर नावाचं सेटिंग आहे, डिफॉल्टमध्ये बंद. चालू केलंत तर डिमन रिस्टार्ट झाला तरी कंटेनर चालू राहतात. स्वॉर्मबरोबर (अनेक सर्व्हर मिळून चालवायची डॉकरची सोय) ते चालत नाही, पण आपल्यासारख्या एकेका सर्व्हरवाल्यांना त्याचं काय. तोवर डॉकरचं पॅकेज होल्डवर ठेवा आणि रविवारी रात्री स्वतः अपडेट करा.

आपल्याकडचे खास त्रास आहेत का काही? म्हणजे मराठी, भारतीय वेळ वगैरे?

आहेत, आणि यावर कुठे फारसं लिहिलेलं मिळत नाही म्हणून जरा सविस्तर.

पहिलं घड्याळ. कंटेनर डिफॉल्टमध्ये यूटीसीवर असतो. आत क्रॉनला रात्री २ चा बॅकअप लावलात तर तो सकाळी साडेसातला होतो. बरं, टाइमझोनचा व्हेरिएबल एशिया-कोलकाता दिला तरी इमेजमध्ये टीझेडडेटा पॅकेजच नसेल (अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये आणि काही लहान इमेजमध्ये नसतं) तर एरर येत नाही, गुपचूप यूटीसीच राहतं. सेट केल्यावर आत जाऊन डेट कमांड मारून बघा, विश्वास ठेवू नका.

दुसरं फॉन्ट. एका क्लासवाल्यांची फीची पावती मराठीत होती. लॅपटॉपवर छान, सर्व्हरवर कंटेनरमध्ये टाकली तर पीडीएफमध्ये विद्यार्थ्याचं नाव म्हणजे ओळीने नुसते चौकोन. "प्रज्ञा कुलकर्णी" होती बिचारी. इमेज लहान ठेवायची म्हणून त्यात फॉन्ट नसतातच, देवनागरी तर लांब राहिली. डेबियनच्या इमेजमध्ये लोहित देवनागरी किंवा नोटोचं पॅकेज टाका. मग चौकोन गेले पण जोडाक्षरं फुटलेली आली तर दोष फॉन्टचा नाही, पीडीएफ बनवणारी लायब्ररी अक्षरं जुळवत नाही, ती बदला.

तिसरं, आणि हे सगळ्यात छुपं, अकारविल्हे क्रम. मराठीत ळ येतो ह च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या लगेच पुढे बसवलाय. पोस्टग्रेसची अल्पाइनवाली इमेज घेतलीत तर तिच्या खाली मस्ल ही मूळ सी लायब्ररी आहे, तिला भाषेनुसार क्रम लावणं येत नाही, ती आकड्यांप्रमाणे लावते. सभासदांची यादी छापली की संस्थेतले जुने क्लार्क दोन सेकंदात चूक पकडतात. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रमाचे नियम) वापरा, म्हणजे ळ, क्ष, ज्ञ जागेवर येतात.

याचाच भाऊ म्हणजे इमेजचा पाया बदलणं. पोस्टग्रेसचं व्हर्जन तेच पण इमेज जुन्या डेबियनवरून नव्या डेबियनवर गेली, तर खालच्या जीलिबसीचे (डेबियनची मूळ सी लायब्ररी) क्रमाचे नियम बदललेले असू शकतात, आणि टेक्स्टवरचे जुने इंडेक्स नव्या नियमांशी जुळत नाहीत. कोलेशन व्हर्जन जुळत नाही अशी वॉर्निंग लॉगमध्ये दिसली तर दुर्लक्ष करू नका, रीइंडेक्स करा. म्हणून मी टॅगमध्ये (इमेजच्या नावापुढची व्हर्जनची खूण) नुसता पोस्टग्रेसचा आकडा लिहीत नाही, पुढे डेबियनचं नावही लिहितो, बुकवर्म किंवा जे असेल ते.

लेटेस्ट टॅग वापरला तर काय बिघडतं? नवीनच मिळतं ना?

काय मिळेल ते सांगता येत नाही हेच बिघडतं. डेटाबेसला लेटेस्ट लावून पुल केलंत (इमेज ओढलीत) आणि मेजर व्हर्जन बदललं, तर पोस्टग्रेस तुमचा डेटा बघून म्हणतो हा जुन्या व्हर्जनचा आहे, मी उठत नाही. डेटा गेलेला नसतो, घाबरू नका, जुना टॅग परत लावा, डम्प घ्या, मग नव्यात भरा. एक चांगलं झालं, डॉकर २३ पासून व्हॉल्यूम प्रून (न वापरातले साफ कर) म्हटलं तर नाव दिलेले व्हॉल्यूम डिफॉल्टमध्ये उडत नाहीत. आधी न वापरातले सरसकट जायचे. लोक ओरडले, ऐकलं गेलं, म्हणजे डिफॉल्ट बदलता येतात, बदलायचं मनावर घ्यावं लागतं एवढंच.

डॉकरला पैसे पडतात का? हबवर लिमिट का येते?

सर्व्हरवरचं इंजिन ओपन सोर्स आहे, पैसे नाहीत. पैशाचा विषय २०२१ ला निघाला तो डॉकर डेस्कटॉपचा, मोठ्या कंपन्यांसाठी. लिमिट आली २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हा लॉगिन न करता ६ तासांत १०० पुल आणि लॉगिन करून २००. एकट्या माणसाला पुष्कळ वाटतं, पण लॉगिन नसलं की मोजणी आयपीवर होते आणि अख्ख्या ऑफिसला आयपी एकच, त्यामुळे कोपऱ्यातल्या एकाच्या बिल्ड स्क्रिप्टने सगळ्यांची वाट लागते. स्वतःची कॅश रजिस्ट्री (ओढलेल्या इमेजचा ऑफिसातला साठा) लावा, एक छोटा कंटेनर पुरतो.

एलएक्सडी बंद झालं का? इन्कस म्हणजे काय?

बंद नाही झालं. एलएक्सडी म्हणजे अख्खी लिनक्स कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर. २०२३ च्या जुलैमध्ये कॅनॉनिकलने (उबुंटूची कंपनी) ते स्वतःकडे घेतलं, ऑगस्टमध्ये त्याचा फोर्क (वेगळी फांदी) निघाला, तो इन्कस, आणि तो लिनक्स कंटेनर्स प्रोजेक्टखाली चालतो. ज्यांना एका ॲपचा कंटेनर नको, अख्खी छोटी डेबियन हवी, आत एसएसएच, क्रॉन सगळं, त्यांनी हा बघावा. ६.३ पासून यात डॉकरवाल्या इमेजही चालतात. मी जुनी पीएचपी साइट जशीच्या तशी हलवायची असते तेव्हा हाच वापरतो, तिचे तुकडे करून पाच कंटेनर बनवण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा बरं.

कंटेनरमधून बाहेर पडून होस्टवर जाता येतं म्हणतात, खरं का?

काही वेळा असं भोक सापडलंय. २०१९ च्या फेब्रुवारीत रनसीमध्ये सापडलं, २०२४ च्या जानेवारीत परत रनसीतच, ते १.१.१२ मध्ये दुरुस्त झालं. कर्नल एकच असल्यावर हे अधूनमधून होणारच. अपडेट ठेवा, प्रिव्हिलेज्ड मोड (कंटेनरला होस्टचे जवळजवळ सगळे अधिकार) "चालत नव्हतं म्हणून लावून बघितला" या कारणासाठी लावू नका.

आपलं मत तिथपर्यंत पोचवायचं कसं? इंग्रजी यथातथाच आहे.

मोबी (डॉकर इंजिनचा ओपन सोर्स प्रोजेक्ट) आणि पॉडमॅन दोन्ही गिटहबवर आहेत, इशू टाका. आधी शोधा, बहुतेक तुमची तक्रार कोणीतरी टाकलेली असते, तिथे "मलाही" लिहिण्यापेक्षा तुमची वेगळी परिस्थिती लिहा. वाचणाऱ्याला इंग्रजी भारी नको असतं, व्हर्जन, डिस्ट्रो, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं हवं असतं. "डॉकर इज नॉट वर्किंग" असा विषय टाकाल तर कोणी ढुंकून बघणार नाही. आणि कोड येत नसेल तर डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ घाला, लिंगरची म्हणा, टीझेडडेटाची म्हणा. असले बदल लवकर घेतले जातात आणि ज्याने ते भोगलंय त्यालाच ते नीट लिहिता येतात.

आमचा जुना सर्व्हर कंटेनरशिवाय सहा वर्षं गपगुमान चालतोय. हलवू का?

नका हलवू. बॅकअप घेताय ना? त्यातून एकदा रिस्टोअर करून बघितलंय का? नसेल तर ते आधी करा, कंटेनरचं पुढच्या वर्षी बोलू.